विमान कंपनीचे कार्ड बदलावे काय?
साध्या वर्गाने वरचेवर प्रवास करणाऱ्या व्यापाऱ्याचा हिशोब

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीचा कापड व्यापारी एके काळी नमुन्यांचे गाठोडे घेऊन रेल्वेने अहमदाबाद आणि कलकत्ता करीत असे. आज तोच व्यापारी, नाहीतर त्याचा मुलगा, वर्षातून चार-सहा वेळा दुबईला जातो, ग्वांगझूच्या झोंगदा बाजारात कापड पाहतो, आणि जमल्यास घरच्या मंडळींना घेऊन जिद्दामार्गे उमऱ्यालाही जाऊन येतो. तिकीट अर्थात साध्या वर्गाचे, म्हणजे इकॉनॉमीचे. पण खिशात विमान कंपनीचे एक कार्ड असते आणि त्या कार्डावर पॉइंट किंवा माइल जमा होत असतात.

गेल्या काही महिन्यांत तीन-चार व्यापारी मित्रांनी आम्हांस एकच प्रश्न विचारला. "अमुक कंपनीचे कार्ड आहे, पण आता पूर्वीसारखे पॉइंट पडत नाहीत. दुसरी कंपनी बोलावते आहे. जावे काय?" हाच प्रश्न आमच्याही पुढे होता. त्याचे उत्तर शोधताना आमच्या पेढीच्या वहीतून एक गोष्ट निघाली, ती पुढे सांगतो. आधी ही योजना चालते कशी ते पाहू.

दोन खाती, दोन हिशोब

१ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्स या कंपनीने 'ॲडव्हांटेज' नावाची योजना सुरू केली. आज जगभर चालणाऱ्या योजना त्याच वळणावर गेलेल्या आहेत. किराणा दुकानदार नेहमीच्या गिऱ्हाइकाला वर मूठभर शेंगदाणे घालतो, तसा हा प्रकार. फरक एवढाच की ही मूठ किती मोठी हे कंपनी ठरवते, आणि ती उद्या लहान करण्याचा अधिकारही कंपनीने नियमांत लिहून ठेवलेला असतो. बहुतेक योजनांच्या अटींत स्पष्ट म्हटलेले असते की पॉइंट ही सभासदाची मालमत्ता नव्हे. हे वाक्य प्रत्येकाने ध्यानात ठेवावे.

कार्डावर दोन वेगळी खाती असतात आणि पुष्कळ लोक त्यांची गल्लत करतात. पहिले खाते खर्चायच्या पॉइंटांचे. त्यातून फुकट तिकीट किंवा वरचा वर्ग मिळतो. दुसरे खाते दर्जाचे. वर्षभरात ठराविक पॉइंट किंवा ठराविक उड्डाणे झाली की सिल्व्हर, गोल्ड अशी पायरी मिळते. पहिले खाते काही वर्षे टिकते. दुसरे साधारण दर वर्षाच्या मुदतीने पुन्हा शून्यावर येते. म्हणजे दर्जा ही पुंजी नाही. ते दुकानाचे भाडे आहे, दर वर्षी भरावे लागते.

उदाहरण घ्या. एमिरेट्सच्या स्कायवर्ड्स योजनेत सिल्व्हर पायरीसाठी २५ हजार टियर माइल किंवा २५ पात्र उड्डाणे लागतात, गोल्डसाठी याच्या दुप्पट. मुंबई-दुबई-मुंबई ही फेरी म्हणजे दोन उड्डाणे. उड्डाणांच्या हिशोबाने सिल्व्हरला तेराव्या फेरीपर्यंत जावे लागेल. जो व्यापारी वर्षाला पाच फेऱ्या करतो, त्याने या वाटेला पाहूच नये.

पूर्वी अंतर मोजत, आता पैसा मोजतात

जुन्या पद्धतीत जितके मैल उडाल तितके माइल, असा सरळ हिशोब होता. स्वस्त तिकिटाने लांबचा प्रवास करणाऱ्याचा त्यात फायदा होता. ते दिवस बहुतेक ठिकाणी गेले. अमेरिकेत डेल्टा आणि युनायटेड या कंपन्यांनी २०१५ मध्ये आणि अमेरिकन एअरलाइन्सने २०१६ मध्ये अंतराऐवजी भाड्याच्या रकमेवर माइल देणे सुरू केले. आपल्याकडे एअर इंडियाने २०२४ मध्ये हाच मार्ग धरला. ब्रिटिश एअरवेजने १ एप्रिल २०२५ पासून दर्जासुद्धा खर्चावरच ठरवायला घेतला.

याचा अर्थ उघड आहे. ज्याचे महाग तिकीट मोठी कंपनी काढून देते, त्या साहेबाची चांदी झाली. जो स्वतःच्या पेढीतून, चार ठिकाणी भाव विचारून, स्वस्तात स्वस्त तिकीट काढतो, त्याच्या वाट्याला चिल्लर उरली. त्यातही विमानतळाचे शुल्क आणि सरकारी कर यांवर बहुधा पॉइंट मिळत नाहीत, फक्त कंपनीच्या भाड्यावर मिळतात. जवळच्या प्रवासात तिकिटाचा बराच भाग करांचाच असतो.

जेथे अजून अंतर मोजतात, तेथेही तिकिटाचा प्रकार आडवा येतो. एकाच विमानात, एकाच रांगेत बसलेल्या दोघांच्या तिकिटावर दोन वेगळी अक्षरे असतात. त्यांना बुकिंग क्लास म्हणतात. एका अक्षराला पूर्ण मैल, दुसऱ्याला पाव, तिसऱ्याला काहीच नाही. मुंबई-दुबई अंतर सुमारे १,२०० मैल आहे. पावपट मिळाले तर हातात ३०० मैल. यावर फुकट तिकिटाची स्वप्ने पाहणे म्हणजे चिंध्या जोडून थान विणण्यासारखे आहे.

आमच्या वहीतून निघालेला हिशोब

आता आमची गोष्ट. आमच्याकडे एका विमान कंपनीचे मधल्या पायरीचे कार्ड बरीच वर्षे होते. काउंटरवर वेगळी रांग, जादा वजन, लाउंजमध्ये चहा-नाश्ता. माणसाला मान आवडतो, आम्हीही माणूसच. यंदा त्या कंपनीने नियम बदलले आणि आमच्या स्वस्त तिकिटांवर ती पायरी टिकेना. दुसऱ्या कंपनीत जावे म्हणून आम्ही गेल्या बारा महिन्यांची तिकिटे काढून बसलो.

पेढीत आम्ही आणि आमचे धाकटे बंधू निम्मे-निम्मे भागीदार. बंधू वही सांभाळतात. त्यांनी तिकिटे पाहिली आणि शांतपणे विचारले, "भाईजान, तिकीट पेढीच्या नावे, पॉइंट तुमच्या नावे. हा कोणता दस्तूर?"

आम्हांस उत्तर सुचले नाही. मग दोघांनी मिळून हिशोब केला. वर्षात नऊ फेऱ्या झाल्या होत्या. त्यांतील सहा फेऱ्यांत त्याच दिवशी, सोयीच्या वेळेला, दुसऱ्या कंपनीचे सरळ विमान स्वस्त होते, आणि आम्ही केवळ कार्डासाठी महाग तिकीट घेतले होते. जादा दिलेली रक्कम अनुक्रमे २,५००, ३,१००, १,८००, ४,२००, २,९०० आणि ३,५०० रुपये. एकूण १८,००० रुपये.

बदल्यात मिळाले काय? दोन वर्षे साठवलेले २५,००० पॉइंट खर्चून दुबईचे एक जाण्या-येण्याचे तिकीट घेतले होते. बाजारात ते तिकीट २२,००० रुपयांना होते. 'फुकट' तिकिटावरही कर आणि शुल्क म्हणून ९,५०० रुपये भरावे लागले. वाचले १२,५०० रुपये, म्हणजे एका पॉइंटची किंमत पडली ५० पैसे. दोन वर्षांची कमाई असल्याने एका वर्षाच्या वाट्याला ६,२५० रुपये. जादा वजनाचा उपयोग दोन फेऱ्यांत झाला. तेवढे वजन आधी विकत घेतले असते तर ४,००० रुपये लागले असते. लाउंजमध्ये तीनदा बसलो, त्याची किंमत आम्ही प्रत्येकी ४०० रुपये धरली, कारण बाहेर तेवढ्याचाच चहा-नाश्ता केला असता. हे झाले १,२००. एकूण फायदा ११,४५० रुपये. दिले १८,०००. तोटा ६,५५० रुपये.

हा झाला व्यापाराचा तोटा. पण बंधूंचा प्रश्न वेगळा होता. १८,००० रुपये गेले पेढीचे. पेढीला मिळाले फक्त नमुन्यांचे जादा वजन, म्हणजे ४,००० रुपये. पॉइंटचे तिकीट घरच्या माणसासाठी वापरले गेले आणि लाउंजचा चहा आम्ही प्यालो. राहिलेले १४,००० रुपये आम्ही आमच्या वैयक्तिक खात्यात नावे टाकले. रक्कम फार मोठी नाही. पण भागीदारी म्हणजे अमानत असते. आम्ही जाणूनबुजून काही केले नव्हते, केवळ कधी वहीत पाहिले नव्हते. भागीदारीत धंदा करणाऱ्या बांधवांना आमची विनंती आहे की पेढीच्या तिकिटावरचे पॉइंट कोणाचे, हे आधीच बोलून घ्यावे आणि वहीत लिहून ठेवावे.

बदलण्यापूर्वी पाच प्रश्न

या अनुभवावरून आम्ही पाच प्रश्न काढले. कार्ड बदलण्याचा विचार असेल त्याने कागद घेऊन यांची उत्तरे लिहावीत.

पहिला प्रश्न : पुढच्या बारा महिन्यांत कोठे जायचे आहे? मागच्या वर्षाचे नव्हे, पुढच्या वर्षाचे लिहा. दुबईची गिऱ्हाइकी कमी होऊन ग्वांगझूच्या फेऱ्या वाढणार असतील तर दुबईकडच्या कंपनीचे कार्ड कितीही चमकदार असले तरी निरुपयोगी.

दुसरा : त्या मार्गांवर ही कंपनी किंवा तिचे भागीदार उडतात काय? मोठ्या कंपन्यांचे तीन संघ आहेत. १९९७ मध्ये स्थापन झालेल्या स्टार अलायन्समध्ये एअर इंडिया (२०१४ पासून), सिंगापूर, थाई, टर्किश इत्यादी आहेत. सौदिया २०१२ पासून स्कायटीममध्ये आणि कतार एअरवेज २०१३ पासून वनवर्ल्डमध्ये आहे. एमिरेट्स आणि इंडिगो यांपैकी कोणत्याही संघात नाहीत. संघाचा फायदा असा की ग्वांगझूला थाई किंवा सिंगापूरने गेलात तरी पॉइंट एअर इंडियाच्या कार्डावर घेता येतात, मात्र तिकिटाचे अक्षर पात्र असले पाहिजे. स्वस्त अक्षरांवर भागीदाराच्या कार्डात काही वेळा शून्य पडते. तिकीट काढण्यापूर्वी तक्ता पाहावा.

तिसरा : तुमच्या नेहमीच्या भाड्यावर वर्षात कोणती पायरी गाठता येईल? खालची पायरी दिसायला पायरी असते, देते फारसे काही नाही. स्टार अलायन्समध्ये सिल्व्हरला संघातर्फे मुख्यतः प्रतीक्षा यादीत अग्रक्रम मिळतो. लाउंज, जादा वजन, वेगळी रांग ही गोल्डपासून सुरू होतात. गोल्ड गाठणे शक्य नसेल तर सिल्व्हरसाठी धावू नये.

चौथा : मिळणाऱ्या सवलतींतील कोणती तुम्ही पैसे देऊन घेतली असती? जी घेतली असती तिची किंमत धरा. जी घेतली नसती तिची किंमत शून्य किंवा नाममात्र धरा. आम्हां कापडवाल्यांना वजन लागते, म्हणून वजनाची किंमत खरी. हातमाग किंवा जरीकामाचा कारागीर एका प्रदर्शनासाठी वर्षातून एकदा जातो, त्याला लाउंजची किंमत धरण्याचे कारण नाही.

पाचवा : जुन्या कार्डावर काय शिल्लक आहे? एका कंपनीचे पॉइंट सहसा दुसरीत नेता येत नाहीत. तेव्हा जाण्यापूर्वी ते वापरावेत. तिकिटाची बाजारातील किंमत घ्या, त्यातून पॉइंट-तिकिटावर भरावी लागणारी रोख रक्कम वजा करा, उरलेल्याला लागणाऱ्या पॉइंटांनी भागा. एका पॉइंटला किती पैसे पडले ते कळेल. भाव बरा पडला तर वापरा, पण जास्त चांगल्या भावाची वाट पाहत वर्षे काढू नका.

पॉइंट साठवणे का धोक्याचे

आपल्या देशातच याचे धडे आहेत. किंगफिशर २०१२ मध्ये बंद पडली आणि तिच्या किंग क्लबच्या सभासदांना त्या विमानांत बसण्याचा मार्गच उरला नाही. जेट एअरवेजचे शेवटचे विमान १७ एप्रिल २०१९ रोजी उडाले. जेटची पॉइंट योजना वेगळ्या कंपनीकडे होती म्हणून पॉइंट तरले आणि त्याच वर्षी योजनेला इंटरमाइल्स हे नाव मिळाले, पण ज्या विमानांसाठी लोकांनी ते जमवले ती विमाने जमिनीवर होती. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ रोजी एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा सभासदांचे पॉइंट एअर इंडियाच्या योजनेत वळते झाले. तीन कंपन्या, तीन वेगळे शेवट. सभासदाच्या हातात तिन्ही वेळा काही नव्हते.

दुसरी बाजूही पाहा. इंडिगो २००६ मध्ये सुरू झाली आणि वर्षानुवर्षे तिची अशी पॉइंट योजनाच नव्हती. ब्लूचिप योजना आली २०२४ मध्ये. तोवर देशांतर्गत प्रवाशांपैकी निम्म्याहून अधिक लोक तिच्या विमानांतून जात होते. लोकांनी भाडे आणि वेळ पाहिली, कार्ड नव्हे. साध्या वर्गाच्या प्रवाशाला यापेक्षा मोठा पुरावा कशाला हवा?

बदलायचे ठरले तर

हिशोब करूनही बदलणे फायद्याचे दिसले तर काही गोष्टी सांभाळाव्यात.

आपल्याकडे दर्जा आहे हे दाखवल्यावर काही कंपन्या तात्पुरता तोच दर्जा देतात. याला स्टेटस मॅच म्हणतात. बहुधा ही संधी एकदाच मिळते आणि थोड्या महिन्यांत ठराविक उड्डाणे न केल्यास दर्जा जातो. म्हणून फेऱ्यांचा हंगाम सुरू होताना अर्ज करावा, मंदीत नव्हे. जुना दर्जा एकदा मिळाला की त्याच्या मुदतीपर्यंत सहसा टिकतो. तेव्हा जुन्याच्या सवलती घेत राहाव्यात आणि नवीन उड्डाणे नव्या कार्डावर चढवावीत.

नावाची काळजी घ्यावी. आपल्या लोकांत ही अडचण फार येते. पासपोर्टवर मोहम्मद एका प्रकारे लिहिलेले, कार्डावर दुसऱ्या प्रकारे, शेख कोठे आधी तर कोठे नंतर, आणि कित्येकांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा. कार्डावरचे आणि तिकिटावरचे नाव जुळले नाही तर पॉइंट चढत नाहीत. कार्ड पासपोर्टप्रमाणेच काढावे. पॉइंट जमा होईपर्यंत बोर्डिंग पास फेकू नये, कारण राहिलेले पॉइंट मागण्यास तो लागतो आणि मागण्याची मुदत ठरलेली असते.

घरातून चार-पाच जण उमऱ्याला जाणार असतील तर सर्वांची सभासदी आधी घ्यावी. ती फुकट असते. एमिरेट्ससारख्या काही कंपन्यांत कुटुंबाचे माइल एकत्र करता येतात. वर्षातून एक-दोनदाच जाणाऱ्याने एवढे करावे आणि पुढे विसरून जावे.

शेवटी, बँकेचे क्रेडिट कार्ड घेऊन पॉइंट वाढवण्याचा सल्ला हल्ली सर्रास मिळतो. बिल एका महिन्यात पूर्ण फेडता आले नाही की महिन्याला तीन टक्क्यांच्या आसपास किंवा अधिक व्याज लागते. ज्याला व्याजापासून दूर राहायचे आहे त्याला सांगायला नको. पण ज्याला त्याचे काही वाटत नाही, त्यानेही एवढे पाहावे की पॉइंट मिळतो पैशांत आणि व्याज जाते रुपयांत.

आम्ही काय ठरवले

आम्ही दुसऱ्या कंपनीच्या पायरीमागे गेलो नाही. जुने उरलेले पॉइंट वापरून टाकले. ग्वांगझूच्या दोन लांब फेऱ्यांसाठी संघातील एक कार्ड ठेवले, त्यावर जे पडेल ते पडेल. दुबईला ज्या विमानाची वेळ आणि भाव बरा, ते विमान. वजन जास्त असेल तेव्हा ते आधीच विकत घेतो आणि खर्च मालाच्या किमतीत धरतो. जो भाऊ महिन्यातून दोनदा एकाच मार्गावर, एकाच कंपनीने जातो, त्याचे उत्तर वेगळे निघेल, आणि त्याने खुशाल दर्जा मिळवावा.

तिकिटाची आमची पद्धतही बदलली आहे. आता एजंटाला फोन करतो तेव्हा कंपनीचे नाव शेवटी विचारतो. आधी वेळ, मग वजन, मग भाव. तिन्ही लिहून झाले की मग नाव. बंधू शेजारी बसलेले असतात.